‘शिवाशीव’ कशी लिहावी आणि कुठे लिहू नये

शाळेच्या स्मरणिकेसाठी गावाचा इतिहास लिहिताना एका शिक्षिकेने ‘पूर्वी आमच्या गावात शिवाशिव पाळली जाई’ असे वाक्य लिहिले आणि तिथेच त्या अडल्या. त्यांनी विचारले आहे, की शब्द ‘शिवाशिव’ की ‘शिवाशीव’? कपडे शिवण्याशी त्याचे काही नाते आहे का? आणि ‘अस्पृश्यता’ मुलांना जड वाटेल, तर त्याजागी हा शब्द चालेल का?

लेखनाचे आधी सांगतो. ‘शिवाशीव’ असे लिहावे. अकारान्त मराठी शब्दात शेवटून दुसरा इकार दीर्घ असतो. पुढे प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो, म्हणून ‘शिवाशिवीचा’, ‘शिवाशिवीमुळे’.

कपड्यांशी नाते नाही. सुईदोऱ्याचे ‘शिवणे’ संस्कृत ‘सीव्’ धातूचे. स्पर्शाचे ‘शिवणे’ हिंदीतल्या ‘छूना’च्या कुळातले. हिंदीत जिथे ‘छ’ ऐकू येतो तिथे मराठीत पुष्कळदा ‘स’ किंवा ‘श’ येतो: छुरी आणि सुरी, पूछना आणि पुसणे, मछली आणि मासळी. तसेच छूना आणि शिवणे. हिंदीतली ‘छुआछूत’ ती आपली ‘शिवाशीव’.

या क्रियापदात मुळात वाईट काही नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की घरचे हात जोडून गेलेल्या माणसाला वचने देतात आणि तो शिवला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. शिवणापाणीत ज्याला शिवले त्याच्यावर राज्य येते. एखाद्याला गर्व शिवलेला नसतो. पण मासिक पाळी आली की ‘कावळा शिवला’ म्हणून त्याच भाषेने बाईला घरातल्या घरात बाजूलाही बसवले.

तिसरा प्रश्न मात्र सहज हातावेगळा करता येणार नाही. ‘शिवाशीव’ची घडण पाहा. ओढाओढ, फेकाफेक, मारामारी या शब्दांत दोन्ही बाजू काहीतरी करत असतात. ‘शिवाशीव’ ऐकतानाही वाटते, की याने त्याला शिवायचे नाही आणि त्याने याला. व्यवहारात तसे कधीच नव्हते. ‘महार शिवला’ असे म्हणत. ‘मी महाराला शिवलो’ असे स्वतःहून सांगणारा विरळाच. धक्का कोणी कोणाला दिला याला महत्त्व नव्हते, क्रियापदाचा कर्ता ठरलेला होता आणि दोष त्याचा.

माझ्या आजोळी ओट्याच्या कोनाड्यात एक कानतुटकी कपबशी पालथी असे. लाकडे फोडायला येणारे आजोबा ती स्वतः उतरवत, चहा वरून ओतला जाई, पिऊन झाल्यावर तेच ती विसळून पुन्हा पालथी ठेवत. मी एकदा ती आत न्यायला उचलली, तर आजी ओरडली नाही. तिने नुसते “ठेव” म्हटले. ते आजोबा तिच्याहून वयाने मोठे होते आणि मी त्यांना ‘अरे’ म्हणत होतो, हे मला फार उशिरा कळले.

महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट तर कर्ता-कर्माचा हा खेळ उघडा करते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले, तरी अस्पृश्यांना तिथे पाणी घेता येत नव्हते. गुरे पाणी पीत, त्याने तळे बाटत नसे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग माणसांनी ओंजळभर पाणी घेतले, आणि तळे ‘बाटले’ म्हणून त्यात गोमूत्र-शेणाच्या घागरी ओतून ते शुद्ध करण्यात आले. ‘शिवाशीव’ या गुळमुळीत शब्दात यातले काय मावते?

जुना नेमका शब्द हवाच असेल तर तो ‘विटाळ’. बाराव्या शतकात हेमचंद्र या जैन व्याकरणकाराने अपभ्रंश या जुन्या भाषेतला ‘विट्टाल’ नोंदवला आणि त्याचा अर्थ दिला ‘अस्पृश्यसंसर्ग’. इतका सरळ. म्हणून ज्यांनी तो सोसला त्यांनी याच शब्दाला हात घातला. ‘देहासी विटाळ म्हणती सकळ’ म्हणणाऱ्या, चोखोबांच्या पत्नी संत सोयराबाई पुढे विचारतात, की विटाळावाचून जन्मलेला देह या जगात आहे कुठे? एकोणिसाव्या शतकात अस्पृश्यताविरोधी चळवळीतले आद्य कार्यकर्ते गोपाळबाबा वलंगकर यांनी आपल्या पुस्तिकेला नाव दिले ‘विटाळ विध्वंसन’.

आणि ‘अस्पृश्यता’ बोजड असेल, पण तो कायद्याचा शब्द आहे. संविधानाच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली ती हाच शब्द अवतरणचिन्हांत घालून, आणि १९५५च्या कायद्याने तिचे आचरण शिक्षेस पात्र ठरवले. पाचवीतल्या मुलाला हा शब्द समजावून सांगावा लागेल, हे खरे. सांगावा.

बाईंच्या वाक्यात मला ‘शिवाशीव’हून अधिक खटकते ते ‘पाळली जाई’. उपवास पाळतात, पथ्य पाळतात, शब्द पाळतात. पाळणे म्हटले की शिस्त आली, थोडे पुण्यही आले. अन्याय कोणी ‘पाळत’ नाही, करतो. शिवाय ‘पाळली जाई’मध्ये पाळणारा गायब आहे आणि भोगणाराही. तेव्हा बाई, तुमच्या गावात खरोखर जे घडत होते ते जुन्या माणसांना विचारा, दोन्ही आळ्यांतल्या, आणि तसेच लिहा. उदाहरणार्थ: ‘गावातले सवर्ण महार-मांगांना विहिरीवर चढू देत नसत. बाया घागरी घेऊन खाली उभ्या राहत आणि कोणी वरून पाणी घालील याची वाट पाहत.’