सव्वाशे किलोचे खुराडे आणि लाखाची ठेव

प्रश्न थोडक्यात असा आहे. संगमेश्वर तालुक्यातील एक वाचक, वय 47, मुंबईतील नोकरी सोडून पत्नीसह गावी आले आहेत. त्यांची दीड एकराची वाडी आहे, त्यात हापूसची कलमे आणि कडेला काजू आहेत. वाडीत दररोज जागा बदलता येईल असे चाकांचे 10 बाय 6 फुटांचे खुराडे घेऊन 50 कोंबड्या पाळाव्यात, असे त्यांच्या मनात आहे. फॅब्रिकेशनवाल्याने खुराड्याचे 72,000 रुपये सांगितले असून वाहतुकीचे 6,000, आठ आठवड्यांच्या 50 तलंगांचे (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांचे) 10,000 आणि सुरुवातीच्या खाद्याचे 12,000 धरून खर्च बरोबर एक लाखावर जातो. बँकेत एक-एक लाखाच्या दोन मुदत ठेवी आहेत. त्यांपैकी एक आत्ता मोडावी, की नोव्हेंबरमध्ये तिची मुदत संपेपर्यंत थांबावे, असे त्यांनी विचारले आहे. फॅब्रिकेशनवाल्याला 5,000 रुपये विसार दिलेला आहे.

नमस्कार. ठेव कधी मोडावी हा तुमचा प्रश्न मी थोडा बाजूला ठेवतो, कारण त्याआधी या एक लाखातून तुम्ही नेमके काय विकत घेत आहात हे पाहणे आवश्यक आहे. फिरत्या खुराड्याची सगळी किंमत त्याच्या फिरण्यात असते. कोंबड्यांना रोज ताजी जागा मिळते, विष्ठा एकाच ठिकाणी साचत नाही, जंत आणि रक्ती हगवण यांचा जोर कमी राहतो आणि वाडीला आपोआप खत मिळते. हे सर्व फायदे ज्या दिवशी खुराडे हलते त्याच दिवशी पदरात पडतात. जे खुराडे दोन माणसांना हलवता येत नाही, ते पहिल्या महिन्यानंतर एका जागी बसते आणि मग ते 72,000 रुपयांचे साधे खुराडे होऊन राहते. म्हणून तुमच्या बाबतीत खुराड्याचे वजन ही सुताराची किंवा वेल्डरची बाब नसून पैशाची बाब आहे.

तुम्ही पाठवलेल्या दरपत्रकात दीड इंची चौकोनी लोखंडी पाइप 2 मिलिमीटर जाडीचा आहे. अशा पाइपचे वजन मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते. एवढ्या आकाराच्या सांगाड्याला आडवे-उभे मिळून सुमारे 100 फूट पाइप लागतो, म्हणजे नुसता सांगाडाच सत्तर किलोचा झाला. त्यावर पूर्ण छताचा पत्रा, वेल्डमेश जाळी, दार, अंडी घालण्याचे खण आणि चाके धरली, तर वजन सव्वाशे किलोच्या खाली येत नाही. सपाट सिमेंटवर एवढे ओझे चाकांवर सहज ढकलता येईल. पण तुमची वाडी टप्प्याटप्प्यांची आहे, दोन टप्प्यांमध्ये जांभ्याचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेला बांध, आहे आणि एका बाजूला कातळ वर आलेला आहे, असे तुम्हीच लिहिले आहे. गडग्यापाशी चाकांचा काहीही उपयोग नाही. तेथे खुराडे उचलावेच लागेल, आणि घरात तर तुम्ही दोघेच आहात.

दुसरी अडचण पक्ष्यांच्या संख्येची आहे. 10 बाय 6 म्हणजे 60 चौरस फूट. कोंबड्या दिवसभर खुराड्यातच ठेवायच्या असतील, तर पक्ष्यामागे किमान चार चौरस फूट जागा हवी, म्हणजे त्यात 15 पक्षी मावतात. तुम्ही 50 धरले आहेत. रात्रीपुरते बसण्यासाठी तेवढी जागा त्यांना पुरेल हे खरे, परंतु मग दिवसभर त्यांना मोकळे सोडावे लागेल, आणि दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांचे खुराडे रोज हलवण्याचे कारणच उरत नाही. तशा कोंबड्यांसाठी मांगराच्या, म्हणजे वाडीतल्या शेतघराच्या, भिंतीला टेकवून केलेले कायमचे खुराडे फार थोड्या खर्चात होते. शिवाय मुंगूस, रानमांजर आणि गावची कुत्री हे तीन भागीदार तुमच्या हिशेबात कुठेही दिसले नाहीत.

आता तुमचा हिशेब पाहू. तुम्ही 50 कोंबड्या, प्रत्येकी वर्षाला 160 अंडी आणि अंड्याला 12 रुपये असे धरून 96,000 रुपये उत्पन्न काढले आहे. त्यात खत आणि बेणणीच्या (वाडीतले गवत-तण काढण्याच्या) बचतीचे 12,000 मिळवले, खाद्याचे 40,000 वजा केले आणि वर्षाला 68,000 रुपये नफा दाखवला आहे. याच हिशेबाच्या आधारे खुराडे वर्षा-सव्वा वर्षात वसूल होईल असे तुम्हाला वाटते.

मी तुमच्या बाजूने थोडे झुकून 15 ऐवजी 20 पक्षी धरतो. जात ग्रामप्रिया असावी. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातील कोंबडीपालनासाठी, मुख्यतः अंड्यांसाठी, ही जात तयार केली आहे, आणि आपल्या अस्सल गावरान कोंबडीच्या दुपटीहून अधिक अंडी ती देते. तरीही उन्हाळा, पिसे झडण्याचा काळ आणि मधली आजारपणे धरून मी 150 अंडीच मोजतो. वीसातील सरासरी 18 कोंबड्या वर्षभर टिकल्या, तर 2,700 अंडी होतात. त्यांपैकी 600 घरी खाल्ली जातील आणि त्यांची किंमत 12 रुपये धरता येणार नाही, कारण एरवी तुम्ही बाजारातले साधे अंडे सात रुपयांच्या आसपास घेतले असते. उरलेली 2,100 अंडी 12 रुपयांनी विकली, तर एकूण 29,400 रुपये येतात. खाद्य पक्ष्यामागे रोज 80 ग्रॅम आणि किलोला 35 रुपये धरले, तर 18,400 रुपये होतात. लस, औषध, तूस आणि येण्याजाण्याचे 2,000 आणि मेलेल्या पक्ष्यांच्या जागी नवे आणण्याचे 600 वजा केले की हातात 8,400 रुपये राहतात. पहिल्या वर्षी तेवढेही नाहीत, कारण आठ आठवड्यांची तलंग अंड्यावर येईपर्यंत साधारण चार महिने नुसतीच खाते.

वाहतुकीसह 78,000 रुपयांच्या खुराड्यावर 8,400 रुपये म्हणजे वसुलीला नऊ वर्षे. कोकणातल्या पावसात आणि दमट हवेत, रोज ओल्या गवतावर टेकणारा लोखंडी पाइप नऊ वर्षे टिकेल यावर मी तरी पैज लावणार नाही. तेच 78,000 रुपये ठेवीत सात टक्क्यांनी राहिले असते, तर वर्षाला 5,460 रुपये व्याज मिळाले असते. म्हणजे रोजचा पाऊण तास राबून तुम्हाला ठेवीपेक्षा वर्षाला तीन हजारही अधिक मिळत नाहीत, आणि तासाला अकरा रुपयेसुद्धा पडत नाहीत.

खताबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या एका गोष्टीवर अनेक वाचकांचे हिशेब फसलेले मी पाहिले आहेत. वीस कोंबड्या वर्षाला सुमारे 700 किलो ओली विष्ठा देतात. त्यातला नत्र एक ते दीड टक्का धरला, तर तो सात ते दहा किलो होतो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत वीस किलोहून थोडा अधिक नत्र असतो आणि ती गोणी शेतकऱ्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते, तेव्हा नुसत्या नत्राची किंमत शे-सव्वाशे रुपये भरते. युरिया अनुदानित आहे आणि विष्ठेत स्फुरद, पालाश आणि सेंद्रिय पदार्थही असतात, म्हणून मी उदारपणे सगळे मिळून दीड हजार रुपये म्हणेन. मात्र ते वरच्या उत्पन्नात धरलेले नाहीत, कारण ते हातात रोख येत नाहीत.

बेणणीच्या बाबतीत तर आणखी सावध राहावे. कोकणात श्रावणानंतर गवत कमरेला लागते. कोंबडी ते कापत नाही, ती कोवळे खुडते आणि जमीन उकरते. शिवाय पावसाचे चार महिने खुराडे फिरवता येत नाही. उरलेल्या आठ महिन्यांत हापूसच्या मोहरावर तुडतुड्यांसाठी आणि भुरीसाठी फवारण्या होतात, आणि फवारलेल्या झाडाखाली अंड्यांवरच्या कोंबड्यांना चरू देणे योग्य नाही. तेवढे दिवस खुराडे काजूच्या कडेला किंवा घरापाशी ठेवावे लागेल. म्हणून वर्षात कलमांखाली फिरण्याचे दिवस मी 180 धरतो. रोज 60 चौरस फूट याप्रमाणे 10,800 चौरस फूट, म्हणजे जेमतेम दहा गुंठे होतात. तुमची वाडी 60 गुंठ्यांची आहे. सहाव्या हिश्शावर एकदा कोंबड्या फिरल्याने बेणणीचा गडी टळत नाही. आणि दोन-तीन वर्षांच्या कलमांच्या आळ्यात त्यांना सोडूच नये, कारण त्या आच्छादन उकरून मुळे उघडी पाडतात.

एवढे वाचून मी नकार देत आहे असे वाटेल, पण तसे नाही. कोंबड्या पाळा, फिरते खुराडेही करा, मात्र ते हलके आणि स्वस्त असावे आणि एका मोठ्याऐवजी दोन लहान असावीत. आपल्या आज्या दिवसा पिल्लांवर बांबूचे डालगे पालथे घालत आणि ऊन फिरले की डालगे सरकवत. फिरत्या खुराड्याची कल्पना तीच आहे आणि ती आजही बांबूतच परवडते.

8 बाय 5 फुटांची दोन खुराडी केली, तर प्रत्येकात दहा म्हणजे एकूण वीस पक्षी मावतात, तेही त्या लोखंडी खुराड्यापेक्षा अधिक जागेत. तुमच्या वहाळाकाठी माणगा बांबू आहे असे तुम्ही लिहिले आहे. तो जवळजवळ भरीव असल्याने सांगाड्याला उत्तम. पावसाळ्यानंतर थंडीत तोडून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवला, तर त्याला भुंगा कमी लागतो. जाळीत मात्र काटकसर करू नका. षटकोनी भोकांची कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला आणि मुंगसाला बाहेर ठेवत नाही. म्हणून खालचे दोन फूट अर्धा इंची वेल्डमेश लावावी, वर साधी जाळी चालेल, आणि उकरून आत शिरणाऱ्या प्राण्यासाठी बाहेरच्या बाजूला फूटभर जाळी जमिनीवर पसरती सोडावी. छताला जाड ताडपत्री पुरते. एका टोकाला सायकलची जुनी चाके बसवली की दुसरे टोक उचलून हातगाडीसारखे ओढता येते. वजन 40 किलोच्या आत राहिले पाहिजे, म्हणजे गडग्यावरून दोघांना उचलून नेता येईल. हलके असल्याने वादळी वाऱ्यात ते उलटू शकते, तेव्हा रात्री कलमाच्या बुंध्याला दोरी बांधण्याची सवय ठेवा. जून ते सप्टेंबर ती दोन्ही मांगराशेजारी जांभ्याच्या जोत्यावर, खाली तूस पसरून ठेवावीत.

सुताराच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीसह दोन्ही खुराड्यांचा खर्च माझ्या अंदाजाने 16,000 रुपयांपर्यंत जाईल. वीस तलंगांचे 4,000, अंड्यावर येईपर्यंतच्या खाद्याचे 6,000, लस-औषधाचे 1,000 आणि हाताशी 3,000 धरले, तर सगळे 30,000 रुपयांत बसते. याच 8,400 रुपयांच्या शिलकीतून खुराडी दोन वर्षांत वसूल होतात. बांबू तीन-चार वर्षांनी बदलावा लागेल, पण जाळी आणि चाके पुन्हा वापरता येतात. दिवसाचा पाऊण तास येथेही जातोच आणि खुराड्यांच्या 16,000 रुपयांवरचे ठेवीचे व्याज वजा केले तर तासाला सव्वीस-सत्तावीस रुपयेच पडतात, हे लपवत नाही. हा जोडधंदा म्हणून ठीक आहे, पण त्यावर घर चालणार नाही.

आता ठेवीकडे येतो. तुमचा घरखर्च महिन्याला 22,000 आहे आणि आंब्याचे पैसे वर्षातून एकदाच, तेही मोहर टिकला तर येतात. अशा घरात किमान सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे 1,32,000 रुपये, हात न लावता बाजूला असलेच पाहिजेत. दोन लाखांतून एक लाख गेला, तर ही तटबंदी पडते; तीस हजार गेले, तर ती शाबूत राहते. म्हणून आत्ता ठेव मोडून दंड भरू नका. नोव्हेंबरमध्ये मुदत संपली की 70,000 पुन्हा ठेवा आणि 30,000 काढून घ्या. बांबू तोडण्याचा हंगामही तेव्हाच असतो. नोव्हेंबरच्या मध्यात आठ आठवड्यांच्या तलंगा आणल्या, तर त्या शिमग्याच्या सुमारास अंड्यावर येतील आणि मेमध्ये चाकरमानी गावी येतात तेव्हा अंडी दारातच खपतील. श्रावणात मागणी बसते, तेवढ्या काळासाठी देवरूखच्या एखाद्या खानावळीशी आधीच बोलून ठेवा. तलंगा घेताना मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, आर-टू-बी लस झाली आहे का ते विचारा. झाली नसेल, तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून आठवडाभरात करून घ्या.

कर्जाबद्दल तुम्ही ओझरते विचारले आहे. किसान क्रेडिट कार्ड पशुपालनालाही मिळते, पण ते खाद्य-औषधासारख्या चालू खर्चासाठी असते आणि वीस कोंबड्यांसाठी त्या खटाटोपात पडू नये. राष्ट्रीय पशुधन अभियानातील कुक्कुटपालनाचे भांडवली अनुदान हजार मातृपक्ष्यांच्या प्रकल्पासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. आणि एक लक्षात ठेवा की कोंबडीपालनाचे उत्पन्न आयकराच्या दृष्टीने शेतीचे उत्पन्न नसते. आंबा-काजूच्या करमुक्त उत्पन्नात ते मिसळू नका, रक्कम लहान असली तरी त्याची वही वेगळी ठेवा. त्या वहीत अंडी आणि खाद्याबरोबर खुराडे हलवल्याची तारीखही लिहावी. वर्षभरात 150 हून अधिक तारखा भरल्या आणि गिऱ्हाइके 12 रुपये घासाघीस न करता देत असली, तर तिसरे खुराडे शिलकीतून करा.

राहिला विसार. फॅब्रिकेशनवाल्याला प्रत्यक्ष भेटून सांगा की मोठे खुराडे नको, त्या 5,000 रुपयांत दोन दारे, बिजागऱ्या, कड्या आणि चाकांचे दोन आस करून द्यावेत, कारण बांबूच्या खुराड्यात दार आणि आस हीच कामे सुतारापेक्षा वेल्डरकडून चांगली होतात. तो तयार झाला, तर माझ्या अंदाजातील काही खर्च आधीच भागलेला असेल. तयार झाला नाही, तर पाच हजार सोडून द्या, ते वाचवण्यासाठी उरलेले 67,000 त्याच्या हाती देऊ नका.