आधी बरणी, मग रान

अळंबी आणि लसूण तेलात बुडवून तू फडताळावर ठेवलेल्या त्या बरण्या आधी टाकून दे. झाकण उघडू नकोस, वास घेऊ नकोस, जिभेला लावून पाहण्याचा तर विचारही नको. पिशवीत घट्ट बांध, कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागणार नाही अशा ठिकाणी टाक, हात साबणाने धू. मग पुढचं वाचायला बस.

तुझ्या पत्रात चाकूंची यादी आहे, धनुष्य घ्यावं की बंदूक यावर पानभर खल आहे, सुकवायचं यंत्र कोणतं घ्यावं ते आहे. आणि सगळ्याच्या तळाशी, जाता जाता सांगितल्यासारखं, एक वाक्य आहे: पोतंभर अळंबी आणली, थोडी तेलात घातली, उरलेली तिसऱ्या दिवशी फेकावी लागली. माझ्या लेखी तुझं पत्र तिथून सुरू होतं. आधीची पानं मी नुसती चाळली, राग मानू नकोस.

रानातून खाणं गोळा करायला आणि शिकारीला कुठून सुरुवात करू, असं विचारतोस. शेवटाकडून कर. आधी बरणी, मग रान. आज रात्री झोपण्याआधी जेवढं सुकवून, खारवून, आंबवून किंवा गोठवून मार्गी लावता येईल तेवढंच घरी आणायचं. बाकीचं रानात असू दे, तिथे ते खराब होत नाही.

अळंबीचाच हिशेब करू. तिच्यात दहातले नऊ भाग पाणी. दहा किलो आणलीस तर सुकून हातात किलोभर उरते, आणि ते नऊ किलो पाणी तुला एका रात्रीत बाहेर काढायचं असतं. एकाच थरात, काप एकमेकांना चिकटू न देता पसरायला किती जाळ्या लागतील? तुझ्याकडे किती आहेत? त्या जाळ्यांवर मावेल तेवढीच तुझी टोपली. हे गणित घरून निघण्याआधी करायचं असतं, पोतं ओट्यावर उपडं केल्यावर नाही. काप वाकवल्यावर कट्कन तुटला तर सुकला. नुसता वाकला तर आत ओल आहे. बरणीत भरल्यावरही पहिला आठवडा रोज हलवून बघ. काचेला आतून दमट धरलं तर परत जाळीवर.

आंबवणं मला सगळ्यांत जवळचं, म्हणून त्यात मी जरा कडक आहे. १ किलो भाजीला २० ग्रॅम मीठ, तेही वजनाने. मिठाचा खडा जाड की बारीक यावर चमच्यात मावणारं मीठ बदलतं, वजन बदलत नाही. भाजी सुटलेल्या पाण्याखाली बुडून राहिली पाहिजे. वर तरंगणाऱ्या तुकड्याला बुरशी धरणारच, तेव्हा वर वजन ठेव. बाकीचं काम जिवाणू करतात. ते आम्ल तयार करतात आणि सामू, म्हणजे आंबटपणा मोजायचा pHचा आकडा, ४.६च्या खाली उतरतो. आकडा जितका कमी तितकं आंबट.

हा ४.६चा आकडा पाठ कर, कारण तुझ्या तेलातल्या बरण्या त्याच्या चुकीच्या बाजूला होत्या. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जिवाणू मातीत सगळीकडे असतो. त्याचे बीजाणू १०० अंशांच्या उकळीतून जिवंत निघतात. त्यांना ओल लागते, खोलीची ऊब लागते, आंबटपणा सोसत नाही आणि हवा नको असते. तेलाखाली तू त्यांची सगळी सोय केली होतीस. त्यांचं विष अत्यल्प पोटात गेलं तरी माणूस लुळा पडतो, श्वास अडकतो. बरणीला वास येईलच असं नाही, झाकण फुगेलच असं नाही. आंबट नसलेलं काहीही, मग ती भाजी असो, मांस असो, अळंबी असो, काचेत बंद करून बाहेर ठेवायचं तर त्यासाठी बनवलेल्या प्रेशर कॅनरमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाखाली बरण्या तापवणाऱ्या भांड्यात, ११६ ते १२१ अंश लागतात, आणि वेळ तपासून ठरवलेल्या कोष्टकातून घ्यायचा, मनाने नाही. उंचावर राहात असशील तर साधी उकळी आणखीच लंगडी. दर ३०० मीटरला पाणी साधारण १ अंश आधीच उकळतं.

निकोला अपेर हा मिठाईवाला. त्याने काचेच्या बाटल्यांत अन्न बंद करून उकळायची रीत शोधली आणि १८१० मध्ये फ्रेंच सरकारकडून १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळवलं. ती का चालते हे त्याला ठाऊक नव्हतं. सूक्ष्मजीवांचं कोडं पाश्चरने उलगडायला आणखी अर्धं शतक जावं लागलं. ‘पूर्वीचे लोक कुठे असली मोजमापं करायचे?’ असं तू लिहिलंयस, म्हणून हे सांगितलं. अपेरला कळायला मार्ग नव्हता, तुला आहे.

मोजमापांपायी मी एक मैत्री गमावली आहे. मित्राने हौसेने जेवायला बोलावलं आणि स्वतः भरलेली मांसाची बरणी उघडली. किती वेळ, किती तापमान, मी विचारलं. तो हसला. मी ताट बाजूला सारलं. सगळ्यांदेखत. त्या जेवणाने कुणाला काही झालं नाही, आणि तेच तो पुढे कितीतरी जणांना ऐकवत राहिला. आमचं बोलणं बंद झालं ते झालंच. तो गेला तेव्हाही मी बाहेरगावी होते. याची खंत मला आहे, रात्री-अपरात्री येते. पण ते ताट आज पुढे आलं तरी मी सारेन. कुणी आजारी पडलं नाही म्हणून बरणी बरोबर ठरत नाही, त्या दिवशी नशीब बरं होतं एवढंच ठरतं. आणि मी हळू आवाजात विचारलं असतं तर तो हसला नसता का? हसलाच असता. माझा स्वभाव तिरसट आहे असं घरचेही म्हणतात. म्हणोत. माझ्या फडताळावरची प्रत्येक बरणी तारखेसकट उभी आहे.

असो. तुझ्या पोत्याकडे येते. त्यात तू निरनिराळ्या जातींची अळंबी एकत्र कोंबलीस, बरीचशी देठ कापून. डेथ कॅप या जीवघेण्या अळंबीची खूण असते देठाच्या बुडाशी, मातीत दडलेल्या पिशवीसारख्या आवरणात. देठ वर कापलास की खूण तिथेच राहिली. ती खाल्ल्यावर ६ ते २४ तास काही होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग दिवसभर बरं वाटतं, आणि तोवर यकृत जात असतं. शिजवून, सुकवून, गोठवून ते विष जात नाही. साठवण विषसुद्धा तितक्याच इमानाने साठवते. म्हणून एका फेरीत एकच जात, जी तू मुळासकट उपटून, जाणकाराला दाखवून ओळखायला शिकला आहेस. एका जातीवर तुझं मन भरणार नाही, मला माहीत आहे. जाळ्या मात्र भरतील, आणि आपण जाळ्यांचंच बोलतोय.

आता शिकार. मारणं योग्य का, हा प्रश्न तू तीन वेगवेगळ्या शब्दांत विचारलायस. आधी कायद्याला विचार. जिथे बंदी आहे तिथे विषय संपला. जिथे परवानगी आहे तिथे तुझं तू ठरव, मी कुणाच्या मनाची जबाबदारी घेत नाही. माझं म्हणणं एवढंच की मारून कुजवणाऱ्याला या प्रश्नावर बोलायचा अधिकार नाही. मोठा प्राणी पडला की कोथळा लगेच काढावा लागतो, कातडं उतरवावं लागतं. मांडीतलं हाडालगतचं मांस बाहेर गारवा असला तरी तासन्‌तास गरम राहतं आणि तिथूनच आतून नासायला लागतं. ते ५ अंशांच्या खाली नेण्याची सोय काय? शीतकपाटात जागा किती? कापायला हात किती? मांसाच्या पट्ट्या सुकवणार असलास तर आधी ७१ अंशांपर्यंत तापवून मग सुकवायच्या. रानडुकराचं मांस आतपर्यंत तेवढंच शिजलं पाहिजे, कारण वन्य प्राण्यांतल्या ट्रायकिनेला कृमींच्या काही जाती गोठवूनही मरत नाहीत. या प्रश्नांची उत्तरं नसताना नेम धरायचा नाही. आधी बरणी, मग रान, आणि बंदूक तर रानाच्याही नंतर.

यादीतलं आत्ता काही घेऊ नकोस. ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा घे, मांसात खुपसायचा थर्मामीटर घे, सामू मोजायच्या पट्ट्या घे. जुन्या चाकूला धार लावून घे. जाळ्या स्वतः बनव.

येत्या मोसमात ओळखीची मंडळी तुला शिकारीला बरोबर नेणार आहेत म्हणतोस. जा. हत्यार न घेता जा, आणि ते आधीच सांगून टाक, म्हणजे तिथे कुणी आग्रह करणार नाही. सोलताना पाय धरायला उभा राहा, मांस वाहून आण, रात्री कापायला बस, भांडी घासून मगच नीघ. वाटा दिला तर तुझ्या शीतकपाटात मावेल तेवढाच घे. बंदुकीचं आपण त्याच्या पुढच्या मोसमात बोलू.