‘नितीन तसा नाही, मॅडम’

वैद्यकीय प्रवेशासाठीच्या नीट परीक्षेचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की लातूरमधील माझ्या समुपदेशन कक्षात एक प्रश्न हमखास येतो. “मॅडम, पोरगा ग्रुपवर जातीवरून नको नको ते टाकतोय. मोबाईल काढून घेऊ का?” त्याच आठवड्यात दुसरे पालक येतात आणि सांगतात की मुलीची निवड झाली, पण अभिनंदनाच्या संदेशांखाली लोकांनी जे लिहिले ते वाचून ती दोन दिवस धड जेवलेली नाही. या दोन्ही घरांची मुले बहुधा एकाच बॅचला असतात, कधी एकाच खोलीत राहणारीही असतात. मोबाईल काढून घेण्याचा सल्ला मी आजवर एकाही घराला दिलेला नाही. त्याचे कारण ओंकारच्या निमित्ताने सांगते. नावे आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

ओंकार रिपीटर, म्हणजे नीट पुन्हा देणारा, होता. तालुक्याच्या गावी वडिलांचे कृषी सेवा केंद्र आणि थोडी सोयाबीनची शेती, आणि मुलगा इथे ट्युशन एरियात नितीनबरोबर खोली घेऊन राहणारा. सोबतच्या मुलांची नावे प्रवेशाच्या यादीत लागली त्या रात्री त्याने बारावीच्या जुन्या ग्रुपवर एक चित्र टाकले. टेबलावर घाबरलेला रुग्ण, समोर हातात पाना घेतलेला डॉक्टर, आणि खाली ओळ: ‘सरकारचे जावई आता ऑपरेशन करणार’. नितीन राखीव प्रवर्गातला. त्याने ते चित्र पाहिले तेव्हा तो दोन हातांवरच्या कॉटवर बसलेला होता. तो काहीच बोलला नाही. चौथ्या दिवशी गादी गुंडाळून दुसऱ्या खोलीत राहायला गेला. दरम्यान ग्रुपमधल्या एका मुलाच्या वडिलांनी ओंकारच्या वडिलांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी बापलेक माझ्यासमोर बसले.

“मी कुणाचं नाव घेतलं का मॅडम? मत मांडायचा पण अधिकार नाही का?” हे ओंकारचे पहिले वाक्य. मी त्या दिवशी चूक केली. शाहू महाराजांनी १९०२ साली कोल्हापूर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा का राखल्या इथपासून, एमबीबीएसला उत्तीर्ण होण्याची रेषा सर्व प्रवर्गांना एकच असते इथपर्यंत मी त्याला सगळे समजावून सांगितले. माझ्या प्रत्येक मुद्द्याला त्याच्याकडे एक रील तयार होती. तासाभरात मी त्याला जरा आणखी तयारीचा वक्ता करून घरी पाठवले, एवढेच त्या भेटीचे फलित म्हणता येईल.

दुसऱ्या भेटीसाठी मी त्याला दोनशे पानी वही आणायला सांगितली. गेल्या महिन्यात त्याने पुढे पाठवलेले किंवा पसंत केलेले संदेश त्याने स्वतःच्या हाताने त्यात लिहून काढायचे होते. पुढे पाठवणे हे अंगठ्याचे काम आहे. हाताने लिहिताना प्रत्येक शब्दापाशी थांबावे लागते. त्याने आठ संदेश लिहून आणले. मी त्याला पेन्सिल दिली आणि शाळेत करायचो तसे प्रत्येक वाक्यातला कर्ता अधोरेखित करायला सांगितले. तीन वाक्यांत कर्ता ‘आरक्षण’, ‘सरकार’ किंवा ‘प्रवेशप्रक्रिया’ होता. उरलेल्या पाचांत तो ‘हे लोक’ किंवा ‘जावई’ होता, आणि एका ठिकाणी ‘वाळवी’.

“ही तीन वाक्ये राहू देत,” मी म्हणाले. “ती तुझी मते आहेत. मला ती पटत नाहीत, पण त्यांवर आपण दिवसभर वाद घालू शकतो. आता या पाच वाक्यांविषयी सांग. यातला कर्ता तुझ्या ओळखीचा आहे का?”

मुलांना द्वेषाची भाषा ओळखायला शिकवताना मी व्याख्येपासून सुरुवात करत नाही, ती या कर्त्यापासून करते. धोरणावरची टीका, ती कितीही कडवट असली तरी, धोरणापाशी थांबते. द्वेषाचे वाक्य माणसाच्या जन्मावर निकाल देते, एकाची गोष्ट सांगून ती सगळ्यांच्या रक्तात असल्याचे सुचवते, माणसांना किडामुंगीच्या पंगतीला बसवते, आणि कुणी अडवलेच तर ‘अरे, जोक होता’ म्हणून मोकळे होते. यातली शेवटची खूण मुलांना सर्वांत आधी पटते, कारण ती त्यांनी स्वतः वापरलेली असते.

ओंकारने बराच वेळ वहीकडे पाहिले आणि म्हणाला, “नितीन तसा नाही, मॅडम.”

हे वाक्य मी इतक्या मुलांकडून, आणि त्याहून अधिक त्यांच्या आईवडिलांकडून ऐकले आहे की त्याच्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे. बोलणाऱ्याला ते मोठ्या मनाचे वाटते. प्रत्यक्षात ते नियम शाबूत ठेवण्यासाठी काढलेला अपवाद असते: ओळखीचा प्रत्येक माणूस ‘तसा नाही’ ठरतो, आणि ‘तसे’ असणारे सगळे नेमके ज्यांना आपण कधी भेटलो नाही तेच निघतात. मी ओंकारला एवढेच विचारले की जे ‘तसे’ आहेत त्यांच्यापैकी पाच जणांची नावे सांग. त्याला दोन सुचली, आणि ती दोन्ही रीलमधली होती.

तिसऱ्या भेटीत मी त्याच्याच वहीतले एक वाक्य काढले: ‘या लोकांना कितीही संधी द्या, यांच्याकडून काही होणार नाही, जागा मात्र अडवून बसतात.’ ‘या लोकांना’ खोडून तिथे ‘रिपीटरांना’ लिही आणि मोठ्याने वाच, असे सांगितले. त्याने वाचायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर त्याचा आवाज चढला. “हे असंच म्हणतात काका घरी! माझे मार्क कुठं अडले ते यांना काय माहीत? फिजिक्समध्ये रोटेशन…” आणि तो थांबला. पेन्सिल वहीवर आडवी ठेवली. पुढची काही मिनिटे खालच्या रस्त्यावरच्या ऑटोंचे आवाज तेवढे येत राहिले. मी काही बोलले नाही. या व्यवसायात गप्प बसणे मी फार उशिरा शिकले आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे.

“रोटेशनचा चॅप्टर मला नितीननंच शिकवलाय,” तो शेवटी म्हणाला. मग थोड्या वेळाने, अगदी हळू: “त्याला पण सीट नाही लागली, मॅडम.”

माझी बैठक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या आणि मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे. कृतीला गुण द्यावेत, अख्ख्या माणसाला देऊ नयेत, हा त्यातला माझ्या सर्वाधिक उपयोगी पडलेला धागा. आम्ही तो सहसा स्वतःला दोष देणाऱ्यांसाठी वापरतो. ओंकारसारख्या मुलांनी मला दाखवले की रात्री ‘मी नापास, म्हणजे मी फालतू’ असे म्हणणारे मनच सकाळी ‘हे लोक फालतू’ असे लिहिते. व्याकरण तेच, फक्त कर्ता बदलतो. २०२४ साली नीटला २३ लाखांहून अधिक मुले बसली आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्याच वर होत्या. या आकड्यावर रागावणे अवघड असते, त्याला चेहरा नसतो. रील तो चेहरा पुरवते. सगळा ऑनलाइन द्वेष एका मुलाच्या अपयशातून निघतो असा माझा दावा नाही. पैसा आणि प्रसिद्धीसाठी तो रोज तयार करणारे लोक आहेतच. पण माझा हात पोहोचतो तो मुलाच्या अंगठ्यापर्यंत.

म्हणूनच मोबाईल काढून घेऊ नका, असे सांगते. मोबाईल गेला की मूल मित्राच्या मोबाईलवर तेच पाहते, आणि आपल्याला त्याची वही कधीच वाचायला मिळत नाही. ओंकारच्या वडिलांना खरी भीती होती ती ‘ॲट्रॉसिटी लागेल’ याची. ती निराधार नाही. १९८९ च्या कायद्यात अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध लेखी शब्दांनी किंवा चित्राने द्वेष पसरवणे हा गुन्हा आहे, आणि हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवे. मात्र नुसत्या धाकाने मुले लपवायला शिकतात.

ग्रुपवर असे काही दिसले तर काय करावे, हे मुले नेहमी विचारतात. ज्याच्यावर ते लिहिले आहे त्याला आधी वैयक्तिक संदेश पाठवून ‘मी पाहिले, मला पटले नाही’ एवढे कळवावे, कारण गप्प राहिलेले शंभर जण त्याला ते लिहिणाऱ्या एकाइतकेच जड जातात. मग ग्रुपवर एकच शांत वाक्य लिहावे आणि चर्चेच्या फेऱ्यांत अडकू नये. निषेध म्हणूनही ते चित्र पुढे पाठवू नये, त्याने त्याचाच प्रसार होतो. धमकी किंवा नाव घेऊन शिवीगाळ असेल तर तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट जपून ठेवून घरच्या मोठ्यांना आणि पोलिसांच्या सायबर विभागाला सांगावे. अठरा वर्षांखालच्या मुलांना १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांकही आहे.

ओंकारला ते चित्र सर्वांसाठी पुसून टाकायचे होते, पण तेवढे दिवस उलटल्यावर व्हॉट्सॲप तो पर्याय दाखवत नाही. ते बरेच झाले, असे मला वाटते. त्याला लिहावे लागले: ‘मी टाकलेलं चित्र चुकीचं होतं. आरक्षणावर माझं मत वेगळं आहे, पण ते माणसांवर काढायला नको होतं.’ त्यावर हसण्याच्या चार इमोजी आल्या आणि कुणीतरी विचारले, ‘कुणी क्लास घेतला रे?’

शेवटच्या भेटीला मी वडिलांनाही आत बोलावले आणि त्यांच्या फोनवरचा भावकीचा ग्रुप उघडायला सांगितले. पाना घेतलेला डॉक्टर तिथे होता, ओंकारने टाकण्याच्या आठ दिवस आधीपासून. खाली त्यांचा स्वतःचा अंगठा होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मुलाला विचारले, “मग मी काय लिहू आता?” ओंकारने वही त्यांच्याकडे सरकवली.

नितीनला त्याने वेगळा संदेश पाठवला होता. उत्तर आलेले नाही. मेसमध्ये नितीन अजून दुसऱ्या टेबलावर बसतो, असे ओंकारने जाता जाता सांगितले, आणि त्याबद्दल तक्रार केली नाही.