गाण्यांसाठी छोटा संगणक

प्रश्न : बाबांच्या जुन्या कॅसेटवरची नाट्यपदं मी संगणकावर उतरवली आहेत. दिवाणखान्यातल्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडून ती वाजवायला एखादा स्वस्त, छोटा संगणक घ्यायचा आहे. रास्पबेरी पाय ५ घेऊ का? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या कामाला पाय ४ घ्या. २०१९चं मॉडेल आहे, पण त्याला हेडफोनची ३.५ मिमीची खाच आहे, तिथून वायर थेट अ‍ॅम्प्लिफायरला जाते. पाय ५ला ती काढून टाकली आहे. १ जीबी मेमरी पुरते. पुढे आवाज अजून स्वच्छ हवासा वाटला तर यूएसबी डॅक (डिजिटल गाण्याचा आवाजाचा सिग्नल करणारी छोटी डबी) जोडा. चोवीस तास चालू ठेवलात, सरासरी ५ वॅट धरलेत, तरी महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास वीज लागेल. पायवर गाणी वाजवणारी मूड ऑडिओ ही प्रणाली फुकट आहे, गाणी मोबाइलवरून निवडता येतात.

अ‍ॅडॅप्टर मात्र ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा चांगलाच घ्या. आणि वीज जाते त्याचं काय? माझ्याकडे पावसाळ्यात दोनदा लाइट गेली नि पायची प्रणाली ज्यावर असते ते मेमरी कार्डच बिघडलं, आईच्या आवाजातल्या चार ओव्या त्यावर होत्या. त्या परत मिळाल्या नाहीत. म्हणून सांगते, कार्डावर फक्त प्रणाली ठेवा. बाबांची पदं वेगळ्या ड्राइव्हवर, आणि त्याची आणखी एक प्रत कपाटात. हे आधी करा, खरेदी नंतर.