घरचा ब्रेड: वाचकांचे प्रश्न

या खेपेला सर्वांत जास्त पत्रं घरच्या ब्रेडची आली. पत्रं निपाणीची असोत की खानापूरची, तक्रार बहुतेकांची एकच: 'कृतीत लिहिलंय तेवढाच वेळ ठेवलं, तरी बिघडलं.' कृतीत दिलेला वेळ हा ती जिथं लिहिली गेली तिथल्या हवेचा असतो. आपल्याकडं बेळगाव जिल्ह्यात जूनमधलं खानापूर वेगळं आणि एप्रिलमधली निपाणी वेगळी. त्यामुळं खालच्या उत्तरांत मिनिटांपेक्षा पिठाच्या खुणाच जास्त सांगितल्या आहेत. मिनिटं फक्त अंदाजाला धरावीत.

प्रश्न: स्वयंपाकातलं बाकी सगळं येतं, पण ब्रेड कधी केलेला नाही. नवीन ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) घेतलाय. पहिला ब्रेड नेमका कसा करू? वजनकाटा नाही, वाटीचं प्रमाण दिलं तर बरं.
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर: वाटीचं प्रमाण मुद्दाम देत नाही. मापाच्या कपात मैदा हलक्या हातानं भरला तर १२० ग्रॅम बसतो, दाबून भरला तर १५०. अडीच कपांत हा फरक ७५ ग्रॅमचा होतो. पाणी तेवढंच ठेवलं तर एकीचं पीठ मऊसूत आणि दुसरीचं पुरीच्या कणकेसारखं घट्ट. मग चूक कुठं झाली ते शोधताच येत नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा आधी आणा. साचा नंतर घेतला तरी चालेल.

एका साच्याचं (२० सेंमी लांब, १० सेंमी रुंद) प्रमाण असं: मैदा ३०० ग्रॅम, पाणी १९० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम (सपाट लहान चमचा), साखर १० ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, तेल किंवा लोणी १५ ग्रॅम. पाणीसुद्धा काट्यावरच मोजा.

यीस्टच्या पाकिटावर 'इन्स्टंट' लिहिलंय का ते बघून घ्या. ते थेट मैद्यात मिसळतात. 'ॲक्टिव्ह ड्राय' असेल तर याच मापातलं थोडं कोमट पाणी घेऊन त्यात चिमूटभर साखरेबरोबर दहा मिनिटं भिजवावं लागतं. वर फेस आला नाही तर ते यीस्ट मेलेलं आहे, पुढं जाऊच नका. उघडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा.

मैदा, यीस्ट, साखर आणि पाणी एकत्र करून नुसता गोळा जमवा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. या वेळात मैदा पाणी पितो आणि मळायचं निम्मं काम आपोआप होतं. मग मीठ आणि लोणी घालून दहा-बारा मिनिटं चांगलं तिंबा. सुरुवातीला पीठ हाताला आणि परातीला चिकटतं, तिथंच बहुतेक जण घाबरून वर मैदा भुरभुरवत राहतात आणि ब्रेड दगड होतो. मैदा घालू नका. बोटांना तेल लावा आणि मळत राहा, सातव्या-आठव्या मिनिटाला ते हात सोडायला लागतं. झालं की नाही ते बघायला लिंबाएवढा तुकडा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणा. तो न फाटता इतका पातळ झाला की पलीकडचा उजेड दिसतो, तर मळणं पुरं. मध्येच कडा खरबरीत होऊन फाटली तर आणखी तीन मिनिटं.

तेल लावलेल्या उभ्या डब्यात पीठ ठेवून त्याच्या पातळीवर रबरबँड लावा. रुंद परातीत दुप्पट झालं की नाही ते डोळ्याला कळत नाही, उभ्या डब्यात लगेच कळतं. दुप्पट झालं की ओट्यावर काढून हातानं चेपा, साच्याच्या लांबीएवढी रुंदी धरून चौकोन करा आणि घट्ट गुंडाळी वळा. गुंडाळी सैल राहिली की आत भोकं पडतात. सांधा चिमटून बंद करा आणि तो खाली येईल अशी गुंडाळी साच्यात ठेवा.

दुसऱ्यांदा फुगताना पीठ साच्याच्या काठावर बोटभर आलं पाहिजे. ओल्या बोटानं हलकं दाबा. खळगा लगेच भरून आला तर अजून थांबा. सावकाश आणि अर्धवट भरला तर भाजायला घ्या. भरलाच नाही तर उशीर झालाय.

ओटीजी वर-खाली दोन्ही कॉइल लावून २०० अंशावर वीस मिनिटं आधी तापवा. साचा खालून दुसऱ्या खाचेत, म्हणजे फुगलेला माथा वरच्या कॉइलला लागणार नाही. ३० ते ३५ मिनिटं भाजा. विसाव्या मिनिटालाच वरून गडद झाला तर फॉइल झाका. साच्यातून काढून बुडावर बोटानं वाजवा, पोकळ आवाज यायला हवा. थर्मामीटर असेल तर गाभ्यात ९३ ते ९५ अंश. इंटरनेटवर कुणी ९८-९९ सांगतं, पण बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे. इथं पाणीच साधारण साडेसत्त्याण्णव अंशांना उकळतं. ओला गाभा त्याच्या वर जात नाही, वाट बघत बसलात तर ब्रेड कोरडा होईल.

प्रश्न: डिसेंबरात करते तेव्हा दोन तासांनीही पीठ फुगत नाही. तीच कृती एप्रिलमध्ये केली तर भराभर फुगतं, आंबट वास येतो आणि ओव्हनमध्ये गेल्यावर मधोमध खाली बसतं. यीस्ट खराब आहे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर: यीस्ट चांगलंच आहे, दोन्ही वेळा तापमानानं खेळ केलाय. मळून झालेलं पीठ २६-२७ अंशांवर असेल तर तासाभरात दुप्पट होतं. ३५ अंशांवर यीस्ट फार वेगानं चालतं, वायू जास्त होतो, पिठातल्या ग्लुटेनच्या (गव्हातल्या चिवट प्रथिनाच्या) जाळीच्या भिंती ताणून ताणून पातळ होतात आणि ओव्हनच्या पहिल्या उष्णतेत फुटतात. मधला खड्डा त्याचाच.

उपाय पाण्यात आहे. २७ ला तिनानं गुणा, ८१ येतात. त्यातून खोलीचं तापमान आणि मैद्याचं तापमान वजा करा, उरेल तेवढं पाण्याचं ठेवा. एप्रिलच्या दुपारी खोली ३६ आणि मैदा ३५ असेल तर पाणी १० अंशांचं, म्हणजे सरळ फ्रिजमधलं. डिसेंबरच्या सकाळी दोन्ही १९ असतील तर ४३. मळताना हाताची ऊब थोडी लागतेच, तेव्हा एक-दोन अंश कमी धरा. पाणी ४५ च्या वर नेऊ नका. ५५-६० अंशांना यीस्ट मरतं, आणि 'कोमट' म्हणून आपण जे घेतो ते पुष्कळदा हाताला सोसेल एवढं गरम असतं, तेच पन्नासच्या आसपास जातं.

उन्हाळ्यात यीस्टही ३ ऐवजी २ ग्रॅम करा. थंडीत यीस्ट वाढवू नका, त्याचा वास ब्रेडला लागतो. त्याऐवजी बंद ओटीजीत (बटण बंद) डब्याशेजारी गरम पाण्याचं पातेलं ठेवा आणि अर्ध्या तासानं पाणी बदला.

साच्यात जास्त फुगून गेलेलं पीठ टाकून द्यायचं कारण नाही. वायू पूर्ण काढा, परत गुंडाळी वळा आणि या वेळी लक्ष ठेवून लवकर भाजा. मात्र फार आंबट झालं असेल तर पातळ लाटून तव्यावर भाजा, ते आता साच्यात उभं राहणार नाही.

प्रश्न: भाजल्यावर गरमागरम कापला की आत चिकट निघतो. कच्चा राहतो का?
— एक वाचक, अनगोळ

उत्तर: बहुतेक वेळा नाही. भट्टीतून काढल्यावरही आतली वाफ बाहेर पडत असते आणि गाभा तेव्हा घट्ट होत असतो. पाच मिनिटांत साच्यातून काढा, जाळीवर ठेवा, दीड-दोन तास हात लावू नका. एवढं थांबूनही चिकटला, तर पुढच्या वेळी पाच मिनिटं जास्त भाजा.

प्रश्न: आमच्याकडं जुलैमध्ये ब्रेड दुसऱ्याच दिवशी आतून चिकट होतो आणि त्याला पिकून उतरलेल्या फळासारखा गोड वास येतो. बाहेर बुरशी दिसत नाही. खाल्ला तर चालेल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर: खाऊ नका, जनावरांनाही घालू नका. ही बुरशी नव्हे. बुरशी बाहेरून येते आणि हिरवे-काळे ठिपके पडतात. तुमचा ब्रेड आतून बिघडतोय. पिठात मातीतल्या एका जातीच्या जिवाणूंचे बीजाणू असतात, ते भाजण्याच्या उष्णतेत मरत नाहीत, कारण गाभा शंभर अंशांपर्यंत पोचतच नाही. पुढं दमट, उबदार हवा मिळाली की ते वाढतात आणि गाभा पचवायला लागतात. तुकडा मोडून दोन्ही भाग सावकाश दूर न्या. मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू लोंबले तर खात्री समजा.

या जिवाणूंना आंबटपणा सोसत नाही. पावसाळ्यात ३०० ग्रॅम मैद्याला लहान चमचाभर साधं व्हिनेगर पाण्यात मिसळून घाला, चवीला कळत नाही. एकदा असा ब्रेड झाला की साचा, जाळी, सुरी आणि ओटा साबणानं धुऊन व्हिनेगरच्या पाण्यानं पुसा आणि ते पिठाचं पाकीट ब्रेडसाठी वापरू नका. कोमट ब्रेड पिशवीत बांधणं तर पूर्ण बंद करा, खानापूरच्या हवेत ती पिशवी म्हणजे जिवाणूंचं पाळणाघर होतं. पूर्ण थंड झाल्यावर काप करून थोडे बाहेर आणि बाकीचे फ्रीझरमध्ये ठेवा. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात नको. तिथं बिघडणं लांबतं खरं, पण ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा आणि कडक होतो.

प्रश्न: घरची खपली आहे, गिरणीतून दळून आणतो. त्याचा ब्रेड केला तर विटेसारखा होतो. मळायला कमी पडतोय म्हणून वीस मिनिटं मळलं, तर आणखी बिघडलं. शिवाय घरात एकाला गव्हाचा त्रास आहे, त्याला खपली चालेल का?
— एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर: शेवटचा प्रश्न आधी. गव्हाचा त्रास म्हणजे डॉक्टरांनी सिलिॲक (ग्लुटेन न सोसण्याचा आजार) सांगितलेलं असेल तर खपली अजिबात नाही. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. हे फार जणांना चुकीचं सांगितलं जातं.

आता ब्रेड. खपलीची खीर आणि सांजा उत्तम होतो याचं जे कारण, तेच ब्रेडला आडवं येतं. तिचं ग्लुटेन ताणलं जातं पण मागं खेचत नाही, त्यामुळं वायू धरून ठेवायची ताकद कमी. जास्त मळलं की आहे तेही तुटतं. तीन-चार मिनिटांवर खपलीचं पीठ मळू नये. सुरुवात मैदा २१० ग्रॅम आणि खपली ९० ग्रॅम अशी करा. आधी खपली तिच्याच वजनाएवढ्या पाण्यात पाऊण तास भिजवा. कोंडा मऊ पडला की ग्लुटेनची जाळी कापत नाही. मैद्याला १३० ग्रॅम पाणी वेगळं घ्या, मैदा आधी एकटा नीट मळा आणि मग भिजवलेली खपली त्यात चेपून मिसळा. यीस्ट, मीठ वगैरे वरच्याच प्रमाणात. ब्रेड मैद्याएवढा उंच होणार नाही, दीडपट फुगला की दुसरं फुगवणं पुरं समजा.

साध्या गव्हाचं गिरणीचं पीठ असेल तर निम्म्यापर्यंत चालतं. दगडी जात्यात पिठातला स्टार्च चेंगरतो म्हणून ते पाणी जास्त पितं, दर १०० ग्रॅमला ७५ ते ८० ग्रॅम धरा.

प्रश्न: यीस्ट नको, इनो किंवा दही घालून हाच ब्रेड होईल का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर: होणार नाही. इनोचा वायू दोन-चार मिनिटांत येऊन जातो, तेवढ्यात मळणं, दोनदा फुगवणं जमत नाही. सोडा आणि ताकाचा न मळता करायचा ब्रेड असतो, पण तो केकसारखा भुसभुशीत, काप दुमडले की मोडतो. यीस्ट नकोच असेल तर रोज गव्हाचं पीठ ५० ग्रॅम आणि पाणी ५० ग्रॅम घालून आंबवण तयार करा. आधीचं निम्मं काढून टाकत जा. आठवडा-दोन आठवड्यांत ते पीठ-पाणी घातल्यापासून सहा तासांत दुप्पट व्हायला लागलं की कामाला आलं. गोव्यात पूर्वी माडाच्या सुरेवर पाव फुगवत, त्यातही कामाला यीस्टच असे, फक्त ते पाकिटातलं नसे.

प्रश्न: ओव्हन नाही, कुकरमध्ये जमेल का? आणि पुढं ओटीजी घेतला तरी इथं करंट कधी जाईल आणि व्होल्टेज कधी उतरेल याचा भरवसा नाही.
— एक वाचक, हुक्केरी तालुका

उत्तर: कुकरात पाव चांगले होतात, उंच ब्रेड नाही. जुना, जाड बुडाचा पाच लिटरचा कुकर घ्या आणि तो याच कामाला ठेवा, कोरडं तापवून रोजचा कुकर कमकुवत होतो. रिंग आणि शिट्टी काढाच, पाणी घालू नका. तळाला बोटभर मिठाचा थर, वर स्टँड, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं. मग पावाचा डबा भिंतीला न टेकता ठेवा आणि मंद आचेवर ३० ते ३५ मिनिटं. उष्णता खालून येते म्हणून माथा पांढराच राहतो. काढल्यावर वरची बाजू लोणी लावून तव्यावर फिरवा.

व्होल्टेजचं गणित लक्षात असू द्या. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गानं कमी होते. २३० ऐवजी १९० आलं तर उष्णता जेमतेम दोन तृतीयांश उरते. डायल २०० वर असली तरी आत तापायला दुप्पट वेळ लागू शकतो, आणि साचा आत गेल्यावर पडलेलं तापमान लवकर सावरत नाही. ओव्हनच्या जाळीवर ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या आणि डायलऐवजी त्याच्यावर विश्वास ठेवा. खानापूरकडं मिळते तशी न झिलईची सपाट मातीची फरशी जाळीवर ठेवून तापवली तर उष्णता धरून राहते. मात्र ती नीट वाळलेली असावी आणि थंड ओव्हनपासून सावकाश तापवावी, नाहीतर तडकते. तापवायला अर्धा-पाऊण तास धरा.

फुगवताना करंट गेला तर काहीच बिघडत नाही. साच्यात भरल्यावर गेला तर साचा झाकून फ्रिजमध्ये ठेवा, करंट नसला तरी फ्रिज काही तास थंड असतो, दार फक्त उघडू नका. भाजायला लागून दहा मिनिटांच्या आत गेला तर ब्रेड बसण्याची भीती असते, तेव्हा दार बंद ठेवून वाट बघा आणि पंधरा मिनिटांत आला नाही तर, साचा मावत असेल तरच, तो तापलेल्या कुकरात हलवा. वीस मिनिटांनंतर गेला तर दार न उघडता आतल्या उष्णतेवर पाऊण तास ठेवा, विशेषतः फरशी असेल तर तो बहुधा पुरा भाजून निघतो.