"मॅडम, पोरगी काहीच वाचत नाही"

कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्याकडं सल्ला विचारायला येणाऱ्या आयांची ही तक्रार ठरलेली असते. मागच्या वर्षी एक ताई अकरावीतल्या मुलीला घेऊन आल्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). स्वतः शिक्षिका, दर महिन्याला एक पुस्तक आणून द्यायच्या, थोरांची चरित्रं, व्यक्तिमत्त्व विकास असलं, आणि दर रविवारी सारांश वहीत लिहून दाखवायचा. चार महिन्यांत पोरीनं पुस्तकाला हात लावणंच बंद केलं.

ताईंना बाहेर बसवून तिला विचारलं, एका दमात संपवलेलं शेवटचं पुस्तक कुठलं गं? "आजोळी गडहिंग्लजला धारपांचं भुताचं सापडलंतं, कव्हर फाटलेलं. रात्री दोनपर्यंत वाचत बसलो मी, मग बाथरूमला जायला पण भ्या वाटालंतं." म्हणजे वाचनाची आवड जिवंत होती की! मी पहिल्यांदा ती सारांशाची वही बंद करायला लावली.

मग नावं सांगितली. भीतीची गोडी आहे तर आजच्या लेखकांत हृषीकेश गुप्ते, त्यांची 'हाकामारी' ही कादंबरी छोटीशीच आहे, तिच्यापासून सुरू कर. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' आजची नाही, १९८२ ची, आणि पुण्यातल्या कॉलेजची पोरं आहेत त्यात, पण कोल्हापूरच्या पोरांनाही ती लगेच जवळची वाटतात. प्रणव सखदेवांच्या 'काळेकरडे स्ट्रोक्स'ला २०२१ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळालाय, पण तिच्यातले विषय थोडे मोठ्यांचे आहेत, ती बारावीनंतर वाच असं तिला स्पष्टच सांगितलं, लपवून ठेवण्यात अर्थ नसतो. आणि सगळ्यात महत्त्वाची मिलिंद बोकीलांची 'शाळा'. नववीतला मुकुंद आपल्याच तोंडानं सगळं सांगतो, उपदेश कुठंच नाही, वाचणाऱ्याला वाटतं हा आपल्याच बाकावर बसलाय.

ताई म्हणाल्या, "त्यात ते पोरगं पोरीच्या मागं असतंय ना? नको ते डोक्यात जायचं." ही काळजी मी हसण्यावारी नेत नाही. पण सोळाव्या वर्षी ते डोक्यात असतंच, आणि मोबाईलवर जे दिसतं त्यापेक्षा मुकुंदचं त्या शिरोडकर नावाच्या पोरीकडं बघणं किती निर्मळ आहे! मी म्हटलं, आधी तुम्ही वाचा, आणि तिची परीक्षा घेऊ नका, तुम्हाला काय आवडलं तेवढंच सांगा.

त्यांनी खरंच वाचली. घरातल्या आजोबांनीही वाचली, त्यातल्या आणीबाणीवरून जेवताना दोन दिवस आजोबा आणि नात बोलत होते म्हणे. नंतर पोरीनं करवीर नगर वाचन मंदिरात स्वतःच्या नावानं कार्ड काढलं.

परवा रात्री साडेअकराला ताईंचा मेसेज आला, तिच्या खोलीत अजून लाईट चालू आहे, झोपायला सांगू का? मी विचारलं, उद्या क्लास किती वाजता? म्हणाल्या, उद्या सुट्टी आहे. मग राहू दे की, म्हटलं.