एका डोंगरवाटेच्या विधेयकाआधी चर्चेचा वेगळा ठराव कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात एका डोंगरवाटेला 'नॅशनल सीनिक ट्रेल'चा, म्हणजे निसर्गरम्य राष्ट्रीय पायवाटेचा, दर्जा देणारं विधेयक आलं, पण त्याआधी 'या विधेयकावर चर्चा कशी करायची' हे सांगणारा दुसराच ठराव मांडला गेला आणि त्यावरही तासभर वाद झाला. एका पायवाटेसाठी एवढं कशाला?

मी कनेक्टिकटमध्ये हार्टफर्डजवळ राहतो. ज्या वाटेमुळे मी हे सगळं वाचत गेलो ती माझ्या घरापासून फार लांब नाही: न्यू इंग्लंड ट्रेल. गिलफर्ड गावाजवळ लाँग आयलंड साउंडच्या किनाऱ्यावर ती सुरू होते आणि मॅसॅच्युसेट्स पार करून न्यू हॅम्पशरच्या हद्दीपर्यंत जाते. लांबी दोनशे मैलांहून जास्त, म्हणजे ३२० किलोमीटरच्या वर. बरीचशी वाट मेटाकॉमेट डोंगररांगेच्या कडेकडेने जाते आणि ही रांग बेसॉल्टची आहे. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला ते उभे कडे आणि पायथ्याशी साचलेला दगडांचा खच पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटतो. आपला कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला वीस कोटींचा.

या वाटेबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा वाद तिच्याभोवती फिरतो. वाटेचा मोठा भाग खासगी जमिनीतून जातो. मालकांनी चालू दिलं म्हणून आपण चालतो. झाडांवरच्या खुणा रंगवणं, पडलेली झाडं हलवणं ही कामं स्वयंसेवक करतात. कनेक्टिकटमध्ये कनेक्टिकट फॉरेस्ट अँड पार्क असोसिएशन आणि मॅसॅच्युसेट्समध्ये अॅपलेशियन माउंटन क्लब ती सांभाळत आले आहेत.

आता कायदा. नॅशनल ट्रेल्स सिस्टिम अॅक्ट २ ऑक्टोबर १९६८ ला अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने झाला आणि त्यातच अॅपलेशियन आणि पॅसिफिक क्रेस्ट या पहिल्या दोन सीनिक ट्रेल जाहीर झाल्या. त्यानंतर यादीत नवी सीनिक ट्रेल घालायची तर ते काँग्रेसनेच, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनेच करायचं, मंत्र्याला तो अधिकार नाही. वाट किमान १०० मैलांची हवी, आणि आधी व्यवहार्यतेचा अभ्यास हवा. आमच्या वाटेच्या अभ्यासासाठीसुद्धा २००२ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. तेव्हा ती मेटाकॉमेट, मोनॅडनॉक आणि मॅटाबेसेट अशा तीन जुन्या वाटांच्या जोडनावाने ओळखली जायची. अभ्यासानंतरचं विधेयक म्हणजे मूळ कायद्यात एका परिच्छेदाची भर, बस.

मग ठराव कशाला? प्रतिनिधीगृहात ४३५ सदस्य आहेत. तिथल्या मूळ नियमांप्रमाणे एकेक विधेयक क्रमाने घेतलं तर बहुतेकांचा नंबर लागणारच नाही. म्हणून रांग मोडून पुढे यायचे काही ठरलेले मार्ग आहेत. ज्या विधेयकाला फारसा विरोध नाही त्यासाठी 'सस्पेन्शन', म्हणजे नियम स्थगित करून मंजुरी: ४० मिनिटं चर्चा, एकही दुरुस्ती नाही, आणि मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश बाजूने हवेत. वाटांची, टपाल कार्यालयांच्या नावांची, स्मारकांची बहुतेक विधेयकं अशीच जातात. पण विरोध असेल आणि दोन तृतीयांशाची खात्री नसेल, तर साध्या बहुमतासाठी दुसरा मार्ग धरतात. रूल्स कमिटी, म्हणजे सभागृहाची नियम समिती, त्या एका विधेयकापुरता चर्चेचा नियम लिहिते. तुम्ही पाहिलात तो ठराव हाच. या समितीत १३ सदस्य असतात, ९ बहुमताच्या पक्षाचे आणि ४ अल्पमताचे. या प्रमाणावरूनच समितीचा कल कुणाकडे असतो ते कळतं.

ठराव जेमतेम पानभराचा असतो, पण प्रत्येक वाक्य कामाचं असतं. एकात म्हटलेलं असतं की विधेयक विचारार्थ घेण्याविरुद्धचे सगळे हरकतीचे मुद्दे माफ. समितीचा अहवाल उशिरा आला किंवा खर्चाच्या नियमात काही बसत नाही, अशा तक्रारी मग उठवता येत नाहीत. आणखी एकात येतं की सभागृह 'कमिटी ऑफ द होल' म्हणून बसेल. माणसं तीच, सभागृह तेच, पण गणसंख्या, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान उपस्थिती, १०० वर येते आणि कामकाज हलकं होतं. मग सर्वसाधारण चर्चा एक तास, ती संबंधित समितीचे अध्यक्ष आणि अल्पमताचे ज्येष्ठ सदस्य यांच्यात निम्मी-निम्मी. वाटांच्या बाबतीत ही नैसर्गिक संसाधन समिती.

त्यानंतरचं वाक्य मात्र मी दोनदा वाचतो: कोणत्या दुरुस्त्या मांडता येतील. 'ओपन' नियमात कुणीही सदस्य नियमात बसणारी दुरुस्ती मांडून पाच मिनिटं बोलू शकतो. 'स्ट्रक्चर्ड' नियमात समितीच्या अहवालात छापलेल्याच दुरुस्त्या, त्याही छापलेल्या क्रमाने, ठरलेल्या वेळात, आणि ज्याने दिली त्यानेच मांडायच्या. 'क्लोज्ड'मध्ये एकही नाही. समजा एखाद्या सदस्याला लिहून घ्यायचं आहे की या वाटेसाठी सरकारने कुणाची जमीन सक्तीने संपादित करू नये. त्याची दुरुस्ती अहवालात छापली गेली तर त्यावर मतदान होईल आणि पुरेशा सदस्यांनी मागणी केली तर प्रत्येकाचं मत नोंदलं जाईल. छापली गेली नाही तर तो तासाभराच्या चर्चेत दोन मिनिटं बोलेल आणि बसेल. जमीनमालकाच्या काळजीवर मत नोंदवायचं की ती नुसती ऐकून घ्यायची, हे वाटेवरच्या मतदानाच्या आधीच ठरून जातं. म्हणून त्या ठरावावर तासभर भांडण होतं, आणि माझ्या मते ते व्हायलाच हवं.

विषयाशी संबंध असण्याचा नियमही इथे फार महत्त्वाचा. प्रतिनिधीगृहात दुरुस्ती विधेयकाच्या विषयाशी जुळलीच पाहिजे, हा दंडक १७८९ पासूनचा. तो किती कडक आहे पाहा: विधेयक एकाच वाटेचं असेल तर त्यात दुसरी वाट जोडणारी दुरुस्ती चालत नाही. एका स्वतंत्र गोष्टीला त्याच जातीची दुसरी स्वतंत्र गोष्ट जोडता येत नाही, असा जुना पायंडा आहे. पण विधेयकात आधीच दोन-तीन वाटा असतील तर तो एक वर्ग मानला जातो आणि आणखी एक वाट जोडायला दार उघडतं. रूल्स कमिटीने ठरावात ही अट माफ केली तर मात्र काहीही जोडता येतं.

अल्पमताच्या हातात दोन हत्यारं उरतात. ठरावावरचा तास बहुमताच्या ताब्यात असतो आणि रिवाजाने त्यातली ३० मिनिटं विरोधकांना देतात. तास संपताना 'प्रीव्हियस क्वेश्चन', म्हणजे चर्चा थांबवून मतदान घ्या, असा प्रस्ताव येतो. तो पाडला तर पुढचा तास विरोधकांना मिळतो आणि ते ठरावच बदलू शकतात. क्वचितच पडतो, पण त्यावरचं मतदान म्हणजे प्रत्यक्षात 'आम्हाला आमची दुरुस्ती मांडू द्या' यावरचं मतदान असतं. दुसरं हत्यार म्हणजे अखेरच्या मतदानाआधी विधेयक समितीकडे परत पाठवण्याचा प्रस्ताव. २०२१ पर्यंत त्याच्यासोबत सूचनाही जोडता यायच्या, म्हणजे ती शेवटच्या क्षणाची दुरुस्तीच होती.

याच हत्याराच्या भीतीने आमच्या वाटेचं काय झालं ते सांगतो. २००८ च्या सुरुवातीला प्रतिनिधीगृहाने न्यू इंग्लंड ट्रेलचं विधेयक स्वतंत्रपणे मंजूर केलं. सक्तीच्या भूसंपादनाचा मुद्दा तेव्हाच्या चर्चेत जोरात होता. सिनेटमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहात, ते अडकलं. तिथे एकटा सदस्यही काम लांबवू शकतो, आणि ओक्लाहोमाचे सिनेटर टॉम कोबर्न जमिनींची अशी अनेक विधेयकं अडवत होते. शेवटी १६० हून अधिक विधेयकांची एक मोट बांधण्यात आली. तिच्यात ही वाट होती, शिवाय अॅरिझोना आणि पॅसिफिक नॉर्थवेस्ट या आणखी दोन सीनिक ट्रेल होत्या. १५ जानेवारी २००९ ला सिनेटने ती ७३ विरुद्ध २१ मतांनी मंजूर केली.

प्रतिनिधीगृहात नेत्यांपुढे पेच होता. नेहमीच्या ठरावाने मोट आणली तर विरोधक ती परत पाठवण्याच्या प्रस्तावात राष्ट्रीय उद्यानांत बंदूक बाळगू देण्याचा मुद्दा घालतील आणि तो मंजूरही होईल, अशी भीती होती. म्हणून दुरुस्तीला वाव नसलेला सस्पेन्शनचा मार्ग घेतला. ११ मार्चला बाजूने २८२ मतं पडली, विरोधात १४४. दोन तृतीयांशासाठी २८४ हवी होती. दोन मतांनी पडलं.

मग सिनेटने वेगळी वाट काढली. क्रांतियुद्ध आणि १८१२ च्या युद्धातल्या रणभूमींच्या जतनाचं एक छोटं विधेयक प्रतिनिधीगृहाने आधीच मंजूर करून पाठवलं होतं. सिनेटने सगळी मोट त्याच्या पोटात घातली आणि १९ मार्चला ७७ विरुद्ध २० मतांनी परत पाठवली. आता प्रतिनिधीगृहापुढे नवं विधेयक नव्हतं, स्वतःच्याच विधेयकावरची सिनेटची दुरुस्ती होती. तशा वेळी परत पाठवण्याचा तो प्रस्ताव लागू होत नाही. रूल्स कमिटीने एकाच मतदानाचा ठराव लिहिला, साधं बहुमत पुरेसं झालं. २५ मार्चला २८५ विरुद्ध १४०. ३० मार्चला अध्यक्ष ओबामांनी सही केली. मी आकडेमोड करून पाहिली: त्या दिवशीची मतं दोन तृतीयांशाच्या कसोटीलाही उतरली असती.

बंदुकीचा मुद्दा तेवढ्याने सुटला नाही. सिनेटमध्ये विषयाशी संबंध असण्याची अट सहसा लागू नसते. कोबर्न यांनी तीच तरतूद क्रेडिट कार्डांच्या विधेयकाला जोडली आणि त्याच वर्षी मे महिन्यात ती कायदा झाली.

जमीनमालकांचं काय झालं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सांगायलाच हवं. अंतिम कायद्यात लिहिलं आहे की या वाटेसाठी मालकाच्या संमतीशिवाय जमीन घेता येणार नाही. आजही काही ठिकाणी वाट एखाद्याच्या घरामागून जाते, आणि कुणी परवानगी काढून घेतली तर खुणा पुसून वळसा रंगवावा लागतो. स्वयंसेवकांबरोबर मीही असा वळसा एकदा रंगवला आहे.

आपल्याकडे लोकसभेत कामकाज सल्लागार समिती असते, पण तिचं काम वेळ वाटून देण्याचं. तिचे अध्यक्ष लोकसभेचे अध्यक्षच असतात आणि विरोधी पक्षही तिच्यात बसतात. कोणती दुरुस्ती मांडू द्यायची हे ती ठरवत नाही. सदस्य सूचना देतात आणि ती नियमात बसते का ते अध्यक्ष पाहतात. त्यामुळे अमेरिकेतला हा ठराव आपल्याला परका वाटतो, हे मी समजू शकतो. मलाही बरेच दिवस वाटायचा.

तुम्ही वाचत असलेल्या ठरावात आता तीन गोष्टी शोधा. 'अहवालात छापलेल्या दुरुस्त्यांखेरीज इतर दुरुस्ती मांडता येणार नाही' असं वाक्य आहे का? असेल तर समितीचा अहवाल उघडा आणि भूसंपादन, शिकार, वाटेचा खर्च यांपैकी कशावर दुरुस्ती छापली आहे ते बघा. समितीकडे आलेल्या पण न छापलेल्या दुरुस्त्यांची यादीही तिच्या संकेतस्थळावर मिळते. ती शेजारी ठेवून वाचा. आणि शेवटी 'प्रीव्हियस क्वेश्चन'वर कुणी कसं मत दिलं ते पाहा. वाटेच्या विधेयकावर बाजूने मत देणारे काही सदस्य तिथे दुसऱ्या बाजूला दिसू शकतात.